काठावरचा चेंडू आणि आणखी एक वर्ष

उपवासकाळातील तिसरा रविवार
शुभवर्तमान : लूक १३ : १–९



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो. मळ्याचा मालक तीन वर्षे फळाच्या आशेने येतो आणि रिकाम्या हाताने परत जातो. शेवटी तो मळेकऱ्याला झाड तोडायला सांगतो, कारण ते उगाच जमीन अडवून बसले आहे. मळेकरी मात्र आणखी एक वर्षाची मुदत मागतो. तो झाडाभोवती खणणार आहे, खत घालणार आहे. त्यानंतर फळ आले तर उत्तम, नाहीतर झाड तोडावे. दाखला इथेच संपतो. पुढच्या वर्षी फळ आले की कुऱ्हाड आली, हे संत लूक आपल्याला सांगत नाही. ते झाड आजही तसेच उभे आहे, आणि त्याच्या जागी आपण उभे आहोत.

या दाखल्यातला ‘थांबणे’ हा शब्द नीट समजावा म्हणून आज मी एका खेळाचे उदाहरण घेणार आहे. आपल्या धर्मग्रामात क्रिकेट आणि फुटबॉल खेळणारे घरोघरी आहेत. गोल्फ बहुतेकांनी टीव्हीवरच पाहिला असेल. खेळ समजायला सोपा आहे. लहानपणी आपण अंगणात खळगा करून त्यात गोट्या टाकत होतो. इथे तेच काम काठीने आणि मोठ्या मैदानावर करायचे. जितक्या कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये जाईल तितके चांगले. हा खेळ स्कॉटलंडमध्ये वाढला. १७४४ साली तिथल्या लीथ गावच्या खेळाडूंनी त्याचे १३ नियम लिहून काढले. या खेळाचे ते सर्वात जुने लेखी नियम मानले जातात. आज नियमांचे मोठे पुस्तक आहे, आणि त्यात एक नियम असा आहे की तो वाचून धर्मगुरूला प्रवचन सुचावे.

दहा सेकंदांचा नियम

कधी कधी खेळाडूने मारलेला चेंडू हिरवळीवरून घरंगळत येतो आणि होलच्या अगदी काठावर थांबतो. त्याचा थोडा भाग होलच्या पोकळीवर लोंबत असतो. आत पडलेला नाही आणि बाहेरही म्हणता येत नाही. अशा वेळी काय करायचे?

नियम असा आहे. खेळाडूला होलपर्यंत चालत जायला वाजवी वेळ मिळतो. तिथे पोहोचल्यावर चेंडू पडतो का हे पाहण्यासाठी त्याला आणखी १० सेकंद थांबता येते. तेवढ्यात चेंडू आत पडला, तर तो आधीच्याच फटक्याने आत गेला असे धरतात. वेगळा फटका मोजत नाहीत. १० सेकंद संपले की चेंडू स्थिर झाला असे मानतात. मग खेळाडूने पुढे होऊन त्याला हलकासा फटका मारून आत घालायचे. तसे न करता तो थांबून राहिला आणि चेंडू नंतर आपोआप पडला, तर चेंडू आत गेला हे मान्य होते, पण एका फटक्याचा दंड होतो.

हा नियम केवळ पुस्तकात राहिलेला नाही. २००५ सालच्या मास्टर्स स्पर्धेत, शेवटच्या फेरीत, सोळाव्या होलवर टायगर वूड्सचा चेंडू काठावर येऊन क्षणभर थांबला. सगळे मैदान श्वास रोखून होते. मग चेंडू आत पडला, आणि ती स्पर्धा वूड्सने जिंकली. २०२१ सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील हिल्टन हेड येथे दक्षिण कोरियाच्या सी वू किमचा चेंडू असाच काठावर अडकला. तो जवळजवळ मिनिटभर थांबला. चेंडू पडलाही, पण १० सेकंद केव्हाच उलटून गेले होते, म्हणून त्याला एका फटक्याचा दंड झाला.

सर्वात जास्त किंमत मोजली ती झिंबाब्वेच्या डेनिस वॉटसनने. १९८५ सालच्या यू. एस. ओपन स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, तो काठावरच्या चेंडूपाशी सुमारे ३५ सेकंद थांबला. चेंडू पडला. तेव्हाच्या नियमानुसार त्याला दोन फटक्यांचा दंड बसला. चार दिवसांनी स्पर्धा संपली तेव्हा विजेता अँडी नॉर्थ त्याच्यापेक्षा एकाच फटक्याने पुढे होता. ३५ सेकंदांची ती वाट वॉटसनला केवढ्याला पडली, याचा हिशेब तुम्हीच करा.

थांबण्याला जागा आहे

या नियमातली पहिली गोष्ट म्हणजे त्यातला दयाळूपणा. चेंडू थांबला की खेळ संपला, असे नियम म्हणत नाही. चालत जायला वेळ देतो आणि वर आणखी १० सेकंद देतो. आजच्या दाखल्यातला मळेकरी हेच करतो. तीन वर्षे झाली असली तरी तो चौथे वर्ष मागून घेतो. आणि तो नुसता थांबत नाही. खणतो, खत घालतो. देवाच्या वाट पाहण्यात नेहमी असे श्रम असतात. तुम्हाला न कळत कोणीतरी तुमच्या मुळाशी खणत असतो. एखादे आजारपण, एखादा अपमान, लेकराने विचारलेला साधा प्रश्न, आईच्या हातातली रोझरी, हे सगळे खणणेच आहे. खणताना मूळ दुखते, म्हणून आपण ते ओळखत नाही.

याच शुभवर्तमानाच्या सुरुवातीला लोक येशूला पिलाताने मारलेल्या गालिलकरांची बातमी सांगतात. येशू स्वतःहून सिलोहाच्या बुरुजाखाली सापडून मेलेल्या १८ जणांची आठवण करून देतो. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते म्हणून मेले, हा समज तो साफ नाकारतो. म्हणजे ज्यांचा वेळ संपला ते वाईट होते असे नाही, आणि ज्यांना वेळ मिळाला ते चांगले होते असेही नाही. आपल्याला आजचा दिवस मिळाला तो आपल्या लायकीचा पगार नव्हे. ती कृपा आहे, आणि कृपा कशासाठी तरी दिलेली असते.

थांबण्याला सीमा आहे

दुसरी गोष्ट म्हणजे १० सेकंद हे दहाच असतात. मळेकऱ्याने एक वर्ष मागितले, अनंतकाळ मागितला नाही.

संत थॉमस अक्वायनस आशेविषयी लिहिताना तिच्या विरुद्ध जाणारी दोन पापे सांगतात. एक निराशा, दुसरे म्हणजे देवाची दया गृहीत धरणे. ही दोन्ही काठावरच्या चेंडूपाशी स्पष्ट दिसतात. निराश खेळाडू लांबूनच म्हणतो, “गेला, आता काही होत नाही,” आणि होलपर्यंत चालतही जात नाही. गृहीत धरणारा खेळाडू तिथे हात बांधून उभा राहतो आणि म्हणतो, “पडेल आपोआप, मला काही करायची गरज नाही.” पहिला देवाची दया विसरतो, दुसरा स्वतःची जबाबदारी विसरतो. खरी आशा या दोघांच्या मधून चालते. ती होलपर्यंत जाते, थांबते, आणि वेळ आली की वाकून तो लहानसा फटका मारते.

आपल्यामध्ये निराश माणसे आहेत. ‘माझी पापे मोठी आहेत, फादरांना तोंड कसे दाखवू’ म्हणणारी. पण गृहीत धरणारी माणसे अधिक आहेत. ‘देव दयाळू आहे, बघू पुढच्या ईस्टरला.’ ‘दारू सोडायची आहे, पण मुलीचे लग्न होऊ दे.’ ‘पापनिवेदनाला जायचे आहे, पण रांग मोठी आहे.’ या वाक्यांमध्ये सैतानाचा एकही शब्द खोटा नसतो. देव दयाळू आहेच. मुलीचे लग्न आहेच. रांगही मोठी असते. फक्त घड्याळ चालू आहे, एवढेच तो सांगत नाही.

चेंडू पडत का नाही?

आता एक साधा प्रश्न विचारू. चेंडू इतक्या जवळ येऊनही पडत का नाही? होल अरुंद आहे म्हणून का? नाही. गोल्फच्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. चेंडूचा व्यास ४३ मिलिमीटरच्या आसपास. दोन चेंडू शेजारी शेजारी मावतील इतकी जागा आहे. अडचण होलमध्ये नाही. चेंडूचा थोडा भाग पोकळीवर आलेला असतो, पण त्याचे वजन अजून अलीकडच्या गवतावर असते. वजन ज्या बाजूला, चेंडू त्या बाजूचा.

संत ऑगस्टिन आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात प्रेमालाच माणसाचे वजन मानतात. दगड वजनाने खाली जातो तसे माणसाचे मन प्रेमाच्या ओढीने आपल्या जागी जाते. म्हणून आपण देवाच्या किती जवळ आलो आहोत, हे विचारून भागत नाही. आपले वजन कुठे आहे, हे विचारले पाहिजे. मार्कलिखित शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला सर्वात मोठ्या आज्ञेविषयी विचारतो. त्याची समज पाहून येशू त्याला सांगतो की तो देवाच्या राज्यापासून दूर नाही. ऐकायला ही मोठी शाबासकी आहे. पण ‘दूर नाही’ म्हणजे अजून आत नाही. त्या शास्त्र्याचे पुढे काय झाले, हेही शुभवर्तमान सांगत नाही.

रविवारी मिस्सा चालू असताना चर्चच्या दाराबाहेर उभे राहणारे आपले बंधू मला वेदीवरून दिसतात. आत बाकांवर जागा असते. तरी ते व्हरांड्यात, खांबाला टेकून, कधी मोटारसायकलवर बसून असतात. त्यांना मी रागे भरत नाही. ते घरी झोपून राहिलेले नाहीत, इथवर आलेले आहेत. पण त्यांच्याकडे पाहिले की काठावरचा चेंडू आठवतो. आणि खरे सांगायचे तर पहिल्या बाकावर बसूनही माणूस मनाने दाराबाहेर असू शकतो. शरीर आत आणि वजन बाहेर.

दोघे भाऊ

एका घरची गोष्ट सांगतो. गाव आणि नाव महत्त्वाचे नाही. दोघे सख्खे भाऊ, शेताच्या बांधावरून वाद झाला. बारा वर्षे एकमेकांच्या घरचे पाणी प्यायले नाहीत. दोघेही दर रविवारी मिस्साला येत. शांतीची शुभेच्छा देण्याची वेळ आली की दोघेही आजूबाजूच्यांना हात जोडत, पण एकमेकांकडे पाहत नसत. घरभेटीला गेल्यावर दोघांनीही वेगवेगळे सांगितले होते की भांडण मिटावे असे मनापासून वाटते. मोठा म्हणे, “तो धाकटा आहे, त्याने यावे.” धाकटा म्हणे, “दादा मोठा आहे, त्याने हाक मारावी.” दोघेही काठावर आले होते. थोडेसे वजन सरकायचे बाकी होते. नाताळ आले आणि गेले, ईस्टर आले आणि गेले, घरात एक लग्नही होऊन गेले.

मग मोठ्या भावाला पक्षाघात झाला आणि त्याची वाचा गेली. त्याच रात्री धाकटा धावत आला. भावाचा हात धरून पहाटेपर्यंत बसला. मोठ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तो हात सोडत नव्हता. समेट झाला, यात मला शंका नाही. देवाच्या हिशेबात चेंडू आत गेला. पण बारा वर्षांचे बोलणे राहिले ते राहिलेच. “दादा” ही हाक मारता आली, तिला “ओ” म्हणून उत्तर मिळाले नाही. उशिरा पडलेल्या चेंडूचा दंड कसा असतो, हे धाकट्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

दुसऱ्याचा चेंडू उचलू नका

या नियमाचा आणखी एक भाग आहे. समोरासमोरच्या सामन्यात, खेळाडूची वाट पाहण्याची वेळ संपण्याआधीच प्रतिस्पर्ध्याने त्याचा काठावरचा चेंडू मुद्दाम उचलला किंवा हलवला, तर तो चेंडू आत गेला असेच धरतात. दुसऱ्याची संधी हिरावणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि ज्याची हिरावली त्याला भरपाई मिळते.

हे वाक्य मी गावगप्पांसाठी लिहीत आहे. ‘तो कसला सुधारतो!’ ‘तिची गोष्ट आम्हाला माहीत आहे.’ ‘आठ दिवस चर्चमध्ये येईल, नवव्या दिवशी गुत्त्यावर दिसेल.’ माणूस काठावर आलेला असतो, देव त्याच्यासाठी थांबलेला असतो, आणि आपण पुढे होऊन त्याचा चेंडू उचलतो. दारू सोडायचा प्रयत्न करणाऱ्याला लग्नात आग्रहाने ग्लास देणाराही तेच करतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातल्या थोरल्या भावाला धाकट्याच्या येण्याचा आनंद झाला नाही. बापाने मेजवानी मात्र थांबवली नाही.

उशिरा पडलेला चेंडू

आता सांत्वनाची गोष्ट. उशीर झाला तर दंड होतो, पण चेंडू बाहेर फेकत नाहीत. तो आत गेला, हे मान्य होते. ख्रिस्तसभा हेच शिकवते. पश्चात्ताप करून येणाऱ्याला, कितीही उशिरा आला तरी, क्षमा मिळते. पापाने मागे ठेवलेले व्रण मात्र भरून यावे लागतात, इथे प्रायश्चित्ताने किंवा पुढे शुद्धिस्थानात. उपमा सगळ्या बाजूंनी ताणायची नसते. देव हातात घड्याळ घेऊन उभा असलेला पंच नाही. पण उशिराची किंमत असते आणि उशीर म्हणजे शेवट नव्हे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

होलमध्ये खुणेसाठी झेंड्याची एक उभी काठी असते. २०१९ पासूनचा नियम असा आहे की चेंडू त्या काठीला टेकून थांबला आणि त्याचा थोडासा भाग जरी होलच्या काठाखाली असला, तरी तो आत गेला असेच मानतात. संपूर्ण चेंडू खाली जाण्याची अट त्याला लागू नाही. हे वाचताना मला कालवारी टेकडीवरचा चोर आठवला. त्याच्याजवळ फळ नव्हते, वर्षही उरले नव्हते. थोडे तास होते, आणि शेजारी एक उभा क्रूस होता. तो त्या क्रुसाला मनाने टेकला. येशूने त्याला त्याच दिवशीच्या सुखलोकाचे वचन दिले. आपणही पुरते आत गेलेलो नसू, पण कशाला टेकलो आहोत हे महत्त्वाचे आहे.

या खेळातला एक थोर माणूस म्हणजे अमेरिकेचा बॉबी जोन्स. १९२५ सालच्या यू. एस. ओपनमध्ये फटका मारण्यापूर्वी त्याचा चेंडू किंचित हलला. कोणी पाहिले नव्हते. पंचांनाही दिसले नाही. त्याने स्वतः सांगून एका फटक्याचा दंड घेतला. पुढे ती स्पर्धा बरोबरीत सुटली आणि निर्णायक सामन्यात तो हरला. लोकांनी कौतुक केले तेव्हा त्याला ते कौतुक चमत्कारिक वाटले. चोरी केली नाही म्हणून कोणी कोणाला शाबासकी देते का, असा त्याचा सूर होता. पापनिवेदन म्हणजे आणखी काय असते? कोणी पाहिले नसताना ‘माझा चेंडू हलला’ असे आपण होऊन सांगणे.

१९२४ साली जोन्सचा विवाह मेरी मलोन या कॅथलिक मुलीशी झाला होता. आयुष्याच्या उत्तरार्धात पाठीच्या कण्याच्या आजाराने त्याला चालणे अशक्य झाले. १८ डिसेंबर १९७१ रोजी तो वारला, आणि त्याच्या काही दिवस आधी, मृत्युशय्येवर, त्याने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश घेतला. तोपर्यंत तो देवापासून दूर होता असे मी म्हणत नाही. इतका सच्चा माणूस दूर कसा असेल? पण ज्या पत्नीने सत्तेचाळीस वर्षे त्याच्याशेजारी प्रार्थना केली, तिच्या थांबण्याचा विचार मनात येतो. आपल्या धर्मग्रामात अशा कितीतरी पत्नी आहेत, माता आहेत. त्यांना मी सांगेन : तुमचे थांबणे वाया जात नाही. तुम्ही खणत राहा, खत घालत राहा.

या आठवड्यासाठी

घरी रोझरीनंतर हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत :

१. कोणत्या गोष्टीत मी काठावर येऊन थांबलो आहे? माझे वजन कुठे अडकले आहे?

२. मी कोणाचा चेंडू उचलला आहे? कोणाला सुधारण्याची संधी नाकारली आहे?

३. ईस्टरच्या आत मला कोणता एक लहान फटका मारायचा आहे : पापनिवेदन, एक फोन, एक भेट, की परत करायचे पैसे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहा आणि त्यापुढे दिवस लिहा. ‘लवकरच’ असे लिहू नका, वार लिहा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी आणखी एक वर्ष मागून घेतलेस. आमच्या मुळाशी तू खणतोस तेव्हा आम्हाला सोसण्याची शक्ती दे. तुझी दया आम्ही गृहीत धरू नये, आणि तिच्यावरचा आमचा विश्वास ढळू नये. जे काठावर आहेत त्यांना तुझ्याकडे ओढून घे. जे त्यांची वाट पाहत आहेत त्यांना धीर दे. आणि आमची शेवटची घटका येईल तेव्हा आम्ही तुझ्या क्रुसाला टेकलेले असू दे. आमेन.